चार बोटं दुमड

मास्तरांकडे पहिल्यांदा कपडे शिवायला टाकणारं गिऱ्हाईक आधी त्यांच्या हातांकडे बघतं. ‘चारबोटे मास्तर’ असं नाव ऐकून आलेलं असतं ना! बिचाऱ्याचं एखादं बोट मशीनखाली गेलं असणार, या कल्पनेनं चेहरा आधीच कळवळलेला. मग मास्तर गळ्यातला टेप काढतात, दहाच्या दहा बोटं शाबूत दिसतात, आणि गिऱ्हाइकाचा जरा हिरमोडच होतो.

नावाचं कारण निराळं आहे. लहान मुलांच्या कुठल्याही कपड्याला खाली चार बोटं दुमड ठेवल्याशिवाय मास्तरांची कात्री चालत नाही. फ्रॉक असो, पँट असो, बाही असो. कापड कमी आहे, भागवून घ्या, असं कुणी म्हणालं तर ते सरळ कापड परत करतात. “पोर वाढणार आहे ना? मग वाढायला जागा नको?” एवढंच बोलतात. एका बाईंनी एकदा तोऱ्यात सुनावलं, “आम्हाला दर वर्षी नवे कपडे परवडतात हो.” मास्तर म्हणाले, “तुम्हाला परवडतात, पण माझी खोड जात नाही.” बाई पुढची दहा वर्षं त्यांच्याकडेच येत राहिल्या.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, एक उभा आरसा, माप घ्यायला एक पडदा आणि आरशाखाली बटणांचा मोठा पत्र्याचा डबा. भिंतीवर शाळांच्या गणवेशांचे नमुने टांगलेले. उंच माणूस आत आला की आधी डोकं आपटून घेतो, मग नमस्कार करतो.

मास्तरांची दुमडसुद्धा साधी नव्हे. दोन-दोन बोटांच्या दोन घड्या, आणि प्रत्येक घडी साखळी टाक्यानं घातलेली. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, तसा टाका. मागच्या शिवणीकडच्या टोकानं दोरा ओढला की अख्खी घडी सर्रकन सुटते आणि फ्रॉक दोन बोटं लांब होतो. दुसऱ्या टोकानं ओढला की दोरा असा अडकतो, की कात्रीशिवाय सुटका नाही. ही युक्ती मास्तरांनी एका बाईसाठी काढली होती. तिला सुईत दोरा ओवणंसुद्धा जमत नसे.

ती बाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी एक मुलगी. पांढरा कोट शिवायला म्हणून दुकानात आली होती. कोटाचे खिसे तीनदा बदलून घेतले तिनं. तिसऱ्या खेपेला मास्तरांच्या लक्षात आलं, की खिशांत काही खोट नाहीये. मास्तर तेव्हा पस्तिशीचे, घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई, आणि लग्नाचा विषय निघाला की “बघू, थांब थोडं” हे ठरलेलं उत्तर. मोठा गुणी माणूस, पण या एका बाबतीत चालढकल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तिला दिवस गेले, तेव्हाही ते म्हणाले, “थांब थोडं, आधी आईच्या कानावर घालतो.” मूल झालं. जन्माची नोंद करायला ती एकटी गेली, जाण्याआधी दुकानाच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, “वडिलांच्या जागी नाव घालू?” मास्तरांच्या तोंडून सवयीनं तेच दोन शब्द निघाले. तिनं पुढे काही विचारलं नाही. नोंदीच्या कागदावर वडिलांच्या नावापुढे एक आडवी रेघ आली.

वर्षभरात मास्तरांची आई गेली. मास्तर नवे कपडे घालून तिच्या दारात गेले. ती म्हणाली, “आता नको. तुला दया आली म्हणून मला लग्न नकोय. पण पोरीला मी तुझ्यापासून तोडणार नाही. ती दुकानात येईल, तू माप घे, कपडे शीव. ती तुला सगळ्यांसारखं मास्तर म्हणेल. आणि कपड्यांना दुकानाचं लेबल लावायचं नाही. माझ्या माणसांना मला उत्तरं द्यायची नाहीत.”

मास्तरांनी सगळं कबूल केलं. चूक आपली, मग अटी तिच्या, असा त्यांचा सरळ हिशेब. दर महिन्याला ते तिच्या हातात पाकीट द्यायचे. शाळेची फी, औषधपाणी, बूट, सगळ्यांत त्यांचा अर्धा वाटा. पावती मागायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पोरीच्या आईकडून पावती कसली मागायची?

पोर दुकानात वाढली. शाळा सुटली की तासभर बसायची आणि डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची. मास्तर तिला ‘बटण’ म्हणायला लागले. लेबलांची लांबलचक पट्टी आली की एकेक लेबल कापून देण्याचं काम तिचं. सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, “माझ्या फ्रॉकला का नाही लेबल?” मास्तर म्हणाले, “संपली.” तिच्या मांडीवर तेव्हा हातभर पट्टी होती. तिनं पट्टीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि पुढचं लेबल कापलं.

हे असंच चाललं असतं. पण पोर दहाव्या वर्षात असताना तिची आई आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली. आईची मोठी बहीण दीड वर्षापूर्वीच त्या दोघींकडे राहायला आली होती. पोस्टात खिडकीवर काम करणारी, कडक शिस्तीची, अविवाहित बाई. पोरीला तिनं पोटाशी धरलं ते धरलंच. मास्तर भेटायला गेले तेव्हा तिनं दार अर्धंच उघडलं.

“तुम्ही कोण?”

“मी तिचा बाप.”

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. “बहीण होती तोवर कधी दिसला नाहीत. आता उगवलात?” पोरीचं दुकानात येणंही त्या दिवसापासून बंद झालं.

मास्तर शाळेत गेले. तिथल्या मोठ्या बाईंनी नोंदवही उघडून ती आडवी रेघ दाखवली आणि म्हणाल्या, “मास्तर, अख्ख्या शाळेचे गणवेश तुम्ही शिवता. पण कागदावर तुम्ही तिचे कुणी नाही.” त्याच आठवड्यात कळलं, की मावशीनं बदली मागितलीय. महिना-दीड महिन्यात ती पोरीला घेऊन दुसऱ्या गावी जाणार होती. कुठल्या गावी, हे विचारायचाही मास्तरांना अधिकार नव्हता. त्या रात्रीपासून मास्तरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

फुकट कायदा-सल्ला मिळतो म्हणून ते एका वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“म्हणजे दहा वर्षं पैसे दिले, आणि कागद एकही नाही?”

“नाही.”

“कपडे शिवलेत, त्यावर दुकानाचं लेबल?”

“तिनं नको सांगितलं होतं.”

“मास्तर, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला पुसून टाकलंत हो!”

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. लग्न झालेलं नसलं म्हणून पोरीचा हक्क कमी होत नाही. रक्ताची तपासणी होईल, जुळलं की बाप म्हणून नोंद होईल आणि पोरीला पोसायची जबाबदारी आपोआप अंगावर येईल. पण तिला भेटायचं, तिच्याबद्दलच्या निर्णयात बोलायचं, हे न्यायाधीश पोरीचं भलं बघून ठरवतील. रक्त जुळलं तरी, तुम्ही आजवर तिचे बाप म्हणून वागलात का, हा प्रश्न उरतोच. “त्याचं काही दाखवता येईल?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, “माप-वही आहे.”

वही म्हणजे दहा वर्षांच्या दहा वह्या निघाल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, मापं आणि शेवटच्या रकान्यात शिलाईचा दर. दर सहा महिन्यांनी एकदा ‘बटण’ हे नाव, खांदा, छाती, उंची, आणि दराच्या जागी ‘घरचं’. शिंप्याच्या घरच्या माणसाचं काम असलं की तिथे तसंच लिहितात. वकीलबाईंनी सगळ्या नोंदी वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “चला, लढू या.”

निकाल लागेपर्यंत पोरीला गावाबाहेर न्यायचं नाही, असा हुकूम वकीलबाईंनी आधी मिळवला. रक्त जुळलं. मग सुनावणी आली. त्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं मास्तरांच्या खिशातली छोटी कात्री काढून ठेवली. ती नसली की मास्तरांना आपण अर्धेच आलोय असं वाटतं, त्यामुळे ते आत शिरले तेच अवघडून. पलीकडच्या बाकावर मावशी ताठ बसलेली, मांडीवर कापडी पिशवी. तिनं एकदाही यांच्याकडे पाहिलं नाही.

मावशीचे वकील जाडजूड, अनुभवी आणि थट्टेखोर. त्यांनी वही हातात घेतली.

“हे बटण कोण?”

“माझी मुलगी.”

“बटणाची उंची बत्तीस इंच?”

कोर्टात खसखस पिकली. मास्तर म्हणाले, “उंची म्हणजे फ्रॉकची, साहेब.”

वकील याचीच वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून निळा फ्रॉक काढला. वहीतली ‘बटण’ची शेवटची नोंद ज्या महिन्याची, त्याच महिन्यात पोरीला मिळालेला हा फ्रॉक. मावशीनं तो जपून ठेवला होता, कारण बहिणीनं पोरीला दिलेली ती शेवटची वस्तू. वकिलांनी टेबलावर टेप टाकला. फ्रॉक भरला एकोणतीस इंच.

“वहीत बत्तीस, फ्रॉक एकोणतीस. हा फ्रॉक यांनी शिवलेला नाही. नोंदी मागाहून, अंदाजानं लिहिलेल्या आहेत.”

वकीलबाईंनी मास्तरांकडे चमकून पाहिलं. आणि मग मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण एक गोष्ट वकीलबाईंना सांगितलीच नाही. सांगायची असते हेच सुचलं नव्हतं. दुमड धरून माप लिहायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. कापड तेवढं कापावं लागतं, मग वहीत तेवढंच लिहायचं. हे जगाला ठाऊक असतं, असं मास्तर इतकी वर्षं समजून चालले होते.

“साहेब, खालच्या दोन्ही घड्या उघडा. तीन इंच आत आहेत. चार बोटं. दोरा ओढला की सुटतील.”

न्यायाधीशांनी मान हलवली. वकिलांनी फ्रॉक उलटा केला, एक टोक शोधलं आणि ओढलं. दोरा अडकला. त्यांनी जोर लावला तसं कापड चुणलं. वकील हसले. “हे काही सुटत नाहीये.”

“तिथून नाही,” कुणीतरी म्हणालं. “मागच्या शिवणीकडून ओढा.”

मास्तर बोलले नव्हते. वकीलबाईही नाही. बोलली होती मावशी.

सगळे तिच्याकडे वळले. तिचे स्वतःचे वकील तर आ वासून बघत राहिले. मावशी उभी राहिली होती आणि आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“माझी बहीण तशीच ओढायची.” मावशी म्हणाली. “तिला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरीचे फ्रॉक ती बसल्याबसल्या लांब करायची. एकदा मी ओढायला गेले तर अडकला. खूप हसली होती मला. म्हणाली, उलट्या बाजूनं ओढलंस. मी विचारलं, कुठून आणतेस गं असले कपडे? तर म्हणाली, आहे एक दुकान.”

ती पुढे आली आणि तिनं वकिलांच्या हातातून फ्रॉक घेतला. मागच्या शिवणीपाशी बोटांनी चाचपून दुसरं टोक काढलं आणि ओढलं. अडकलेल्या गाठीपर्यंत घडी सर्रकन सुटली. आतलं कापड बाहेर आलं, उन्हाचा आणि पाण्याचा हात न लागलेलं, नव्यासारखं गडद निळं. मावशी त्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. ही घडी सुटायची वेळ आली तेव्हा दोरा ओढणारी उरली नव्हती, आणि मावशीला ती ओढायची असते हे तेव्हा सुचलं नव्हतं.

“हिच्या सगळ्या फ्रॉकना असंच होतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

मावशीला खोटं बोलणं फार सोपं होतं. एक ‘आठवत नाही’ पुरलं असतं. पोर तिच्याजवळ राहिली असती आणि मास्तर कायमचे गेले असते. पण तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसून, ज्याचं पत्र त्याच्याच हातात देत आलेली बाई ती. तिनं मास्तरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाली, “सगळ्या. एकूण एक.”

न्यायाधीशांनी पोरीशी आपल्या खोलीत एकटीशी बोलून घेतलं, आणि दोन आठवड्यांनी निकाल दिला. मास्तरांचं नाव जन्मनोंदीत वडील म्हणून लागेल. पोर मावशीकडेच राहील, कारण तिला तिथून उखडणं बरं नव्हे, पण आठवड्याची सुट्टी आणि निम्मी मोठी सुट्टी वडिलांकडे. गाव बदलायचं तर दोघांची संमती लागेल. आणि तिच्या खर्चासाठी वडिलांनी दर महिन्याला अमुक इतकी रक्कम द्यायची.

“काही म्हणायचंय?” न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

मास्तर उभे राहिले. “साहेब, रकमेबद्दल बोलायचं होतं.”

वकीलबाईंनी त्यांचा सदरा मागून ओढला. एवढं सगळं मिळाल्यावर हा माणूस पैसे कमी करा म्हणतोय की काय! “बसा खाली,” त्या दातओठ खात पुटपुटल्या.

मास्तर बसले नाहीत. “कमी आहे, साहेब. म्हणजे आजच्याला ठीक आहे. पण पोर आज दहाची आहे, पंधराची होईल, अठराची होईल. तेव्हाही एवढेच? वाढत्या अंगाला अगदी मापात शिवून कसं चालेल? दर वर्षी थोडी वाढ लिहून ठेवा. चार बोटं सोडा, साहेब.”

त्या कोर्टात खर्चाच्या रकमेवरून घासाघीस रोजच व्हायची, पण खालून वर जाणारी घासाघीस तिथल्या कारकुनानं सबंध नोकरीत ऐकली नव्हती. तो लिहायचाच थांबला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून मास्तरांना निरखलं, किंचित हसले आणि निकालात एक ओळ वाढवली. बाहेर जिन्यावर वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मास्तर, तुमच्यासारखा अशील पुन्हा नको रे बाबा. धाप लागते.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मावशी स्वतः पोरीला घेऊन दुकानात आली. येताना तिनंही डोकं आपटून घेतलं. बदलीचा अर्ज मागे घेतल्याचं तिनं अगदी तुटकपणे सांगितलं, वर “शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून” हेही जोडलं. मास्तरांनी तिला स्टूल दिलं आणि मोठ्यानं आभार मानायचा मोह आवरला. तिला ते आवडलं नसतं.

मग त्यांनी मशीनखालच्या खणातून एक नवा फ्रॉक काढून पोरीच्या हातात ठेवला. गेल्या कित्येक महिन्यांत माप घेतलं नव्हतं, सगळं नजरेच्या अंदाजानं शिवलेलं. खाली चार बोटं दुमड होतीच. पोरीनं फ्रॉक उलगडला, सवयीनं गळा उलटा करून बघितला, आणि तिथेच थबकली.

गळ्याच्या आत, अगदी मधोमध, दुकानाचं पांढरं लेबल होतं.

“संपली नव्हती ना?” तिनं विचारलं.

“नव्हती,” मास्तर म्हणाले. “चुकलंच माझं.”

ती पडद्याआड गेली. बराच वेळ लावला. बाहेर आली तेव्हा मावशी उठून उभी राहिली. “अगं, उलटा घातलास! शिवणी बघ सगळ्या बाहेर आल्यात.”

“माहितेय.”

“मग नीट घालून ये.”

“मुद्दाम घातलाय. सरळ घातला तर लेबल दिसत नाही.”

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, पुन्हा गळ्यात घातला. मावशीनं पोरीकडे पाहिलं, मग बाहेरच्या भर सकाळच्या रस्त्याकडे. शेजारपाजारचे, पोस्टातले, शाळेतले, सगळे भेटणार होते. आयुष्यभर लोक काय म्हणतील या धाकात राहिलेली ती बाई. तिनं पोरीचा मागे अडकलेला केस लेबलावरून बाजूला केला.

“चला मग,” ती म्हणाली. “तुम्हीपण या, मास्तर. आज दुकान बंद ठेवा.”

मास्तरांनी दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले. पुढे पोर चालली होती, उलट्या फ्रॉकवर दोऱ्यांची टोकं लोंबत होती, आणि मास्तरांना ती कात्रीनं कापावीशी वाटली नाहीत.